सतराव्या आकड्यापाशी

व्हर्लिन स्टकीच्या हातची फळी कधी मोडली नाही, आणि चाळीस वर्षं याचा त्याला अभिमान होता. ब्रॅकनी गावात सुतार चार, पण कॉलेजची पोरं फळीसाठी यायची ती त्याच्याच दुकानी. दर ऑक्टोबरात सात-आठ जण दारात घुटमळत उभे राहायचे. "मिस्टर स्टकी, ब्रिकहाउसच्या फळ्या तुम्हीच करता ना?" व्हर्लिन करवत बंद करायचा, कानातले बोळे काढायचा आणि म्हणायचा, "मी नाही करत, तुम्ही करता. मी लाकूड देतो आणि तुमची बोटं जागच्या जागी ठेवतो."

ब्रिकहाउस म्हणजे कॉलेजमागच्या गल्लीतलं लाल विटांचं तीन मजली घर. त्यात राहणारी पोरं एकमेकांना भाऊ म्हणत आणि कॉलेज सुटल्यावरही मरेपर्यंत म्हणत राहत. पण भाऊ व्हायच्या आधी उमेदवार व्हावं लागे. उमेदवाराने एका थोरल्या भावाच्या हाताखाली दहा आठवडे राबायचं, त्याचे बूट पुसायचे, त्याचे कपडे धुवायचे, आणि शेवटी आपल्या हाताने एक फळी करून त्याला भेट द्यायची. फळी हातभर लांब, वीतभर रुंद, मुठीपाशी निमुळती, आणि तिच्यावर दोघांची नावं नि साल कोरलेलं. थोरल्याने ती भिंतीवर टांगायची. कागदोपत्री प्रथा एवढीच होती. टांगण्याआधी ती उमेदवाराच्याच ढुंगणावर वापरून बघायची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं.

व्हर्लिन फळीला हिकरी द्यायचा. कुऱ्हाडीचा दांडा करतात ते लाकूड. वाकतं, पण तुटत नाही. कडेला तो अंगठ्याएवढा उतार घ्यायचा, म्हणजे कातडी फाटत नाही, नुसती सुजते. पोरांना वाटायचं, ही म्हाताऱ्याची माया. व्हर्लिनलाही तसंच वाटायचं.

तो स्वतः या घरचा भाऊ होता. तिसऱ्या वर्षी बाप धान्याच्या कोठारावरून पडून मेला, तेव्हा कॉलेज सोडून त्याने बापाचं दुकान धरलं. बाकीचे भाऊ वकील झाले, विम्याच्या कंपन्या काढून बसले. त्यांच्या मेळाव्यांना व्हर्लिन पुढच्या दाराने क्वचितच गेला. मागच्या दाराने मात्र कायम. नळ गळला की फोन, जिना करकरला की फोन. पैसे घ्यायचा नाही. भावाकडून कसले पैसे घ्यायचे, असं त्याचं म्हणणं, आणि बायको नॉरीनचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं.

आता चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरातला तो रविवार सांगायला हवा.

हे काम रविवारी सकाळी उरकायचं, कारण तेव्हा सगळी गल्ली चर्चला गेलेली असे. तळघरात अकरा भाऊ भिंतीला टेकून उभे होते. मधे एक टेबल, आणि त्यावर ओणवा झालेला रॉस डनलॅप, अठरा वर्षांचा, व्हर्लिनचा उमेदवार. हिकरीची फळी व्हर्लिननेच बापाच्या दुकानात हात धरून त्याच्याकडून करून घेतलेली. फटके एकवीस, कारण घर काढणारे एकवीस जण होते. प्रत्येक फटक्याला खाणाऱ्याने आकडा पुकारायचा. आकडा चुकला किंवा राहिला तर पहिल्यापासून.

रॉस तोतरा होता. सगळ्यांना माहीत होतं. स आला की त्याची जीभ अडायची. पहिल्याच आठवड्यात त्याला मुद्दाम दुकानात सँडविच आणायला पाठवून तिघं-चौघं मागे उभे राहून हसले होते. त्या रविवारी त्याने सहा आणि सात कसेबसे रेटले. सोळाही रेटला, तोवर त्याच्या पॅन्टवर ओल आली होती. सतरावा बसला आणि जीभ टाळूला चिकटली. "स... स... स..." व्हर्लिन फळी खांद्यावर घेऊन थांबला. पाच सेकंद, दहा सेकंद. मग म्हणाला, "पहिल्यापासून."

दुसऱ्यांदाही पोरगं सतरावर अडलं. तिसऱ्यांदा तर दहा-अकरापासूनच त्याला पुढे काय येणार ते दिसायला लागलं होतं, आणि तो आकडे कमी पुकारत होता, रडत जास्त होता. सोळानंतर व्हर्लिनने फटका मारला तो आधीच्या सगळ्यांपेक्षा जोरात. रॉसच्या तोंडातून स सुद्धा निघाला नाही. टेबलावरून तो बाजूला घसरला आणि फरशीवर कपाळ आपटून बेशुद्ध पडला. एकावन्न फटके झाले होते. पॅन्ट कातडीला चिकटली होती, ती कात्रीने कापून काढावी लागली. गावातला डॉक्टर जुना भाऊच निघाला, म्हणून बोभाटा झाला नाही.

रॉस गेला नाही. तो शुद्धीवर आला, महिनाभर पालथा झोपला आणि भाऊ झाला. पुढे आरशासमोर तासन्‌तास उभा राहून त्याने जीभ अशी वळवली की तीन राज्यांत शेतीची यंत्रं विकून गडगंज झाला. प्रत्येक मेळाव्यात तो ग्लास उंच धरून सांगायचा, "मला बोलायला कोणी शिकवलं? या व्हर्लिन स्टकीने. एकावन्न धडे दिले. फी घेतली नाही." सगळे हसायचे. व्हर्लिनही हसायचा. नियम तो नियम, असं तो स्वतःला सांगायचा, आणि त्यावर चाळीस वर्षं त्याचं भागलं.

दोन वर्षांपूर्वी मात्र भागेनासं झालं. माइका ओयलर नावाच्या उमेदवाराला त्याच्या थोरल्याने मारताना एक फटका कमरेच्या वर बसला आणि मूत्रपिंड फुटलं. पोरगं आठ तास तसंच खोलीत पडून होतं, कारण भाऊ म्हणत होते, होईल बरं. इस्पितळात ते मूत्रपिंड काढून टाकावं लागलं. मारणारा तुरुंगात गेला. कॉलेजने घराला कुलूप ठोकलं.

तिसऱ्या दिवशी पोलीस व्हर्लिनच्या दुकानी आला. प्लास्टिकच्या पिशवीत फळी. "ही तुमची?" व्हर्लिनने पिशवीवरूनच अंगठा फिरवला. कडेचा उतार हाताला लागला.

"माझी. भिंतीवर टांगायला केलेली," तो म्हणाला.

पोलीस तरुण होता, त्याचा बाप लाकूडतोड्या. तो म्हणाला, "टांगायला हिकरी कशाला लागते, साहेब? पाइनची पण टांगता आली असती."

एवढं बोलून तो गेला. व्हर्लिनने त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं आणि घरी जाऊन नॉरीनला सांगितलं की आजपासून फळ्या बंद. नॉरीन बटाटे सोलत होती. "आज आठवलं होय," ती म्हणाली.

यंदाच्या उन्हाळ्यात कॉलेजने कुलूप काढलं. अटी तीन होत्या. तळघर बुजवा, गल्लीतल्या शेजाऱ्यांची पडझड दुरुस्त करून द्या, आणि कोणाच्या अंगाला बोट लावू नका. ऑगस्टमध्ये आठवडाभर जुने भाऊ आणि आताची पोरं कंबर कसून कामाला लागली. पोटं सुटलेले वकील घण घेऊन भिंती फोडत होते आणि अर्ध्या तासात धापा टाकत बसत होते. पोरांनी तळघरात अठ्ठावीस ट्रक खडी ओतली. ते टेबल कुऱ्हाडीने फोडून खडीबरोबर आत टाकलं. मालमसाल्याचा सगळा खर्च रॉस डनलॅपचा, आणि बारीकसारीक कामाचं सगळं डोकं व्हर्लिनचं. नव्या जेवणघराच्या भिंतींना गिलावा त्याने स्वतः केला. हात फिरवला तर कुठे खडा लागणार नाही असा.

पोरांचा पुढारी होता ग्रेडी ऑस्टरमन, एकवीस वर्षांचा. माइकाच्या खोलीत राहणारा. ते आठ तास तोही तिथेच होता. हा पोरगा सहाला यायचा, अंधारेपर्यंत राबायचा, कोणाशी बोलायचा नाही.

गुरुवारी रॉसने आपल्या गाडीतून सात खोकी उतरवली. भिंतीवर राहिलेल्या जुन्या फळ्या, एकशे बारा, त्याने गॅरेजात जपून ठेवल्या होत्या. "व्हर्लिन, या जेवणघरात लावायच्या. खुंट्या ठोक. शंभर वर्षांचा इतिहास आहे आपला."

व्हर्लिनने खुंट्या ठोकल्या. सांगितलं की ठोकायच्या, ही त्याची जन्माची सवय. साठ-सत्तर फळ्या लागल्या असतील, तेवढ्यात ग्रेडी आत आला. त्याने भिंतीकडे पाहिलं, खोकं उचललं आणि खिडकीतून बाहेर कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं.

रॉसने त्याची कॉलर धरली. "उचलून आण."

"नाही आणणार."

"कोणाच्या पैशाने उभं राहतंय हे घर?"

"तुमच्या. म्हणून माइकाचं मूत्रपिंड परत मिळणार आहे का?"

रॉसने त्याला भिंतीवर असं आदळलं की गिलाव्याला डोक्याएवढा खड्डा पडला. मग तोंडावर एक ठोसा, आणि खाली जाता जाता दुसरा. ग्रेडीने हात उचलला नाही. ओठ मधोमध फाटला, दात हलला, नव्या फरशीवर रक्ताची धार लागली. व्हर्लिन शिडीवर होता. खाली उतरायला चार पायऱ्या. तो उतरला नाही.

"भावाभावांत चालायचंच," रॉस हात झटकत म्हणाला आणि बाहेर जाऊन डब्यातल्या फळ्या स्वतः वेचून आणल्या. आल्यावर त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. शनिवारी चार वाजता, जेवणाआधी, सहा नव्या उमेदवारांना एकेक फटका. चौऱ्याऐंशीच्या फळीने. "फक्त एक, प्रेमाचा. टपली समजा. कॉलेजला टपलीचा काय हिशोब द्यायचा?" बाकीचे जुने भाऊ माना डोलावत होते.

ग्रेडी फरशी पुसत होता. व्हर्लिन शिडीवरून आला तेव्हा त्याने वर न बघता विचारलं, "बघत होतात ना तुम्ही?"

"होतो."

"मीही बघतच होतो, माइकाच्या वेळी. त्यामुळे तुम्हाला बोलायला मला तोंड नाही." तो फडकं पिळत राहिला. "तसंही फोडलंयच त्यांनी ते."

शुक्रवारी व्हर्लिन शेजारच्या मिसेस प्रिबलच्या दारच्या पायऱ्या बसवायला गेला. बाई ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, जीभ शाबूत. ओसरीवर खुर्ची टाकून त्या त्याच्या कामावर नजर ठेवून बसल्या होत्या.

"तुमच्या घरात एक पोरगा होता बघ, खूप जुनी गोष्ट. त्याला सतराच्या पुढे काही येतच नसे."

व्हर्लिनच्या हातातला हातोडा थांबला. "म्हणजे?"

"रविवार होता. माझा घसा धरलेला, म्हणून चर्चला गेले नाही. तुमच्या तळघराची खिडकी ही इथे, माझ्या स्वयंपाकघरासमोर. पोरगं मोजतंय, एक, दोन, तीन. सोळापर्यंत आलं की गप्प. मग परत एक. मी मनात म्हटलं, कॉलेजात आलाय आणि मोजता येत नाही मेल्याला. हसलेसुद्धा मी. मधे मधे धपाधप आवाज, मला वाटलं गालिचे झोडपतायत."

"मग?"

"मग काय? दोन वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या पोराला स्ट्रेचरवरून नेताना पाहिलं, तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. गालिचे नव्हते ते. चाळीस वर्षं मी त्या पोराला हसत होते." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "कोण होता रे तो?"

"होता एक."

"आणि मारणारा?"

व्हर्लिनने खिळ्यावर हातोडा हाणला. खिळा वाकला. चाळीस वर्षांत त्याचा खिळा वाकला नव्हता. "मी," तो म्हणाला.

मिसेस प्रिबलनी त्या वाकड्या खिळ्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "तो खिळा काढ आणि दुसरा मार. पायरी नीट बसव. हाडं मोडायची माझी."

त्या रात्री व्हर्लिन जेवला नाही. उद्या चारला सहा पोरं ओणवी होणार, फळी आपली, खुंटी आपण ठोकलेली. यंदा एक म्हणतायत, पुढच्या वर्षी तीन होतील, मग एकवीस. हे थांबवायचं तर आता, आणि थांबवणारा दुसरा कोणी नाही, हे त्याला पक्कं कळून चुकलं. कसं थांबवायचं ते मात्र शनिवारी चारपर्यंत कळलं नाही.

शनिवारी अंगणात मांस भाजत होतं आणि त्याचा धूर जेवणघरात येत होता. पंचवीस-तीस माणसं भिंतीला टेकून उभी. सहा उमेदवार ओळीत, नवे शर्ट, चेहरे पांढरे. मधे व्हर्लिनने केलेलं नवं लांब टेबल. रॉसने भिंतीवरून चौऱ्याऐंशीची फळी उतरवली. तिच्यावर त्याचं स्वतःचं आणि व्हर्लिनचं नाव.

"पहिला कोण?"

"मी," व्हर्लिन म्हणाला.

हशा पिकला. व्हर्लिनने पट्ट्यातली हत्यारं काढून खिडकीत ठेवली, चष्मा त्यांच्याशेजारी ठेवला आणि टेबलावर ओणवा झाला. "तुझे एकावन्न फेडायचेत, रॉस. टपलीच आहे ना? मग मार. मी खाऊन दाखवतो, मग पोरांचं बघू."

"उठ रे म्हाताऱ्या. पाठ धरेल."

"मार. का आता येत नाही?"

रॉसने हसत एक हलकाच मारला. "एक," व्हर्लिन म्हणाला. "हा काय फटका? माझी बायको याहून जोरात उशा झटकते." पुन्हा हशा. दुसरा बरा बसला. तिसरा, चौथा. पाचव्याला लोक हसायचे थांबले, कारण रॉसही थांबला होता. त्याने कोट काढून खुर्चीवर फेकला.

सहावा असा बसला की टेबल सरकलं. "सहा." सातव्याला व्हर्लिनच्या तोंडातून आकड्याआधी हुंकार बाहेर पडला. हिकरी हवेतून येताना वाजते, आणि तो आवाज ऐकला की अंग आधीच आवळतं; आपले एकवीस खाल्ले तेव्हाचं हे तो विसरून गेला होता, कारण त्यानंतर तो कायम मुठीच्या बाजूला असायचा. आठ. नऊ. रॉसचा चेहरा तांबडा झाला, मानेच्या शिरा टरारल्या, तो दोन्ही हातांनी मारू लागला. एकसष्ट वर्षांच्या माणसाच्या मांड्यांवर मांस ते कितीसं. अकराव्याला फळी हाडावर बसली. व्हर्लिनने टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नखाखाली कुसळ घुसलं.

"बास करा," ग्रेडी पुढे झाला. "मिस्टर डनलॅप, बास."

"तू जागेवर थांब," टेबलावरून व्हर्लिन ओरडला. "कोणी मधे यायचं नाही. बारा."

तेरा. चौदा. मागची पॅन्ट काळी पडत चालली होती. उमेदवारांतला एक जण वळून खिडकीतून बाहेर ओकला. एक जुना भाऊ, वकील, पुटपुटला, "रॉस, अरे, माणूस मरेल." रॉसला काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ हलत होते, आणि तो मारत होता, सगळा जीव एकवटून, जणू तो एवढी वर्षं याचीच वाट पाहत होता आणि आत्ता कुठे त्याला ते कळलं होतं.

"पंधरा." फटका. "सोळा."

सतरावा बसला तो पाठीच्या मणक्याच्या टोकावर. व्हर्लिनच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. त्याने दात आवळले आणि तो गप्प राहिला.

"आकडा," रॉस धापा टाकत म्हणाला.

व्हर्लिन गप्प.

"आकडा पुकार."

बाहेर चरबी निखाऱ्यावर चरचरत होती, तेवढाच आवाज.

"पुकार म्हणतो ना मी. म्हण. म्हण, स..." रॉसचा जबडा उघडा राहिला. "स... स..." त्याने मान झटकली, पाय आपटला, गळ्याला हात लावला. "स... स..." एकोणसाठ वर्षांचा धिप्पाड माणूस, तीन राज्यांत बोलून पोट भरणारा, भर दुपारी तीस माणसांसमोर एका अक्षरावर अडून उभा होता. त्याच्या आवाजात भीती होती, आणि ती कोणत्या वयाची आहे हे त्या खोलीत एकट्या व्हर्लिनला ओळखता येत होतं. पाच सेकंद गेले. दहा गेले.

टेबलावर गाल टेकलेल्या व्हर्लिनने डोळे उघडले. "सतरा," तो म्हणाला. "सतरा, रॉस. झालं. पुढे जा."

रॉसचा हात खाली आला. मग त्याच्या घशातून जो आवाज निघाला त्याला बोलणं म्हणता येणार नाही. तो वळला आणि त्याने फळी भिंतीवर हाणली. टांगलेल्या फळ्यांची एक रांग खाली कोसळली. त्याने परत हाणली, परत हाणली. खुंट्या उडाल्या, गुळगुळीत गिलाव्याची ढेकळं सगळ्यांच्या अंगावर पडली, एका भावाच्या भुवईवर फळी आपटून रक्त आलं. दोघं धरायला गेले तर एकाच्या मनगटावर फटका बसून हाड मोडलं. शेवटी ग्रेडीने त्याला मागून कमरेला मिठी घालून धरलं आणि दोघं फरशीवर कोसळले. रॉस तिथेच, फुटक्या ओठांच्या त्या पोराच्या मिठीत, रडत राहिला. फळी त्याच्या हातात अखंड होती. व्हर्लिनच्या हातची, मोडणार कशी.

सहा उमेदवारांपैकी दोघं त्याच संध्याकाळी सामान उचलून गेले. चौघं राहिले. त्यांना कोणी हात लावला नाही, आणि पुढे लावायची कोणाची छाती झाली नाही.

नॉरीनने व्हर्लिनला पालथं घालून तीन आठवडे मलमपट्टी केली. पहिले दोन दिवस लघवीला रक्त जात होतं, तेव्हा ती बोलली नाही. रक्त थांबल्यावर ती इतकं बोलली की शेवटी तोच म्हणाला, यापेक्षा रॉस परवडला. सोमवारी ग्रेडीने एकशे बारा फळ्या गाडीत घालून घरालगतच्या दुकानात आणल्या. व्हर्लिनने खाटेवरून खिडकीतून सांगितलं, कुठली करवत, पातं कुठलं, हात कुठे ठेवायचा. दिवसभर करवत ओरडत होती. हिकरीच्या धुरावर मांस छान होतं, पण या लाकडाला वार्निश होतं, म्हणून सगळे तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले. सप्टेंबरात व्हर्लिनने उभ्याउभ्या जेवणघराची भिंत परत लिंपली. यावेळी ती तितकी गुळगुळीत जमली नाही, आणि त्याने ती तशीच राहू दिली.

ऑक्टोबरात एका दुपारी दुकानातला फोन वाजला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, पण बोलणं येत नव्हतं. व्हर्लिन ओळखून होता. त्याने करवत बंद केली, दारात गिऱ्हाईक होतं त्याला हाताने थांबवलं आणि फोन कानाला लावून उभा राहिला. त्याने शब्द पुरवला नाही, घाईही केली नाही.

"त... तेव्हा," रॉस म्हणाला. बरीच मिनिटं गेली असावीत. "तेव्हा का नाही स... स... सांगितलास? आकडा. अकरा जण होते. कोणीही स... सांगू शकला असता."

नियम होता, असं सांगता आलं असतं. आपण वीस वर्षांचे होतो, असंही सांगता आलं असतं. दोन्ही उत्तरं व्हर्लिनच्या जिभेवर आली, आणि मग त्याला टेबलापाशी उभं राहून वाट बघणारा तो स्वतः दिसला, खांद्यावर फळी घेतलेला, ओठांवर हसू असलेला.

"मजा येत होती, रॉस," तो म्हणाला. "मला मजा येत होती."

रॉसने फोन ठेवला नाही, आणि व्हर्लिनही फोन कानाला लावून तसाच उभा राहिला.